मदरबोर्डावरची माझी स्वारी

मुलीच्या कंप्युटरचं बायोस बदलायला घेतलं होतं, आणि काम निम्म्याच्या पुढे गेलेलं असताना मी भिंतीवरचं बटण बंद केलं.

लाइट गेली नव्हती. माकडानं तार ओढली नव्हती. मी स्वतः, पूर्ण शुद्धीत, उजव्या हाताच्या बोटानं बटण बंद केलं, आणि त्याच झटक्यात शेजारचं पंख्याचंही केलं.

बायोस म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही ते सुखी लोक. तरी सांगतो. कंप्युटरच्या मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डावर, आठ पायांचा एक किडा बसवलेला असतो. चिप म्हणतात त्याला. बटण दाबल्यावर कंप्युटरला 'तू कोण, तुझ्याजवळ काय काय आहे, आता काय करायचं' हे सगळं तो किडा सांगतो. त्याच्या पोटातला मजकूर म्हणजे बायोस. हा मजकूर बदलता येतो. मात्र बदलत असताना वीज गेली तर जुना मजकूर पुसलेला आणि नवा अर्धाच लिहिलेला, अशी अवस्था होते. मग बटण दाबलं की पंखे फिरतात, दिवे लागतात, आणि आत घरात कोणी नसतं.

आता हा उद्योग मी का केला, तर त्याला आमची बँक जबाबदार आहे. निदान मी घरी तसं सांगून पाहिलं.

त्या वर्षी आमची बँक दुसऱ्या एका बँकेत विलीन होत होती. आमची शाखा ग्वाल्हेरच्या पाटणकर बाजाराजवळ आणि त्यांची तिथून चार दुकानं सोडून. दोन्ही संसार एका छपराखाली आले. दोन मॅनेजर, दोन वॉटर कूलर, भिंतीवर दोन घड्याळं, आणि दोन्ही घड्याळांत दोन वेगळ्या वेळा. जुने ग्राहक येऊन विचारायचे, "बाबूजी, हम इधर वाले हैं कि उधर वाले?" आम्हालाच ठाऊक नव्हतं, त्यांना काय सांगणार. तर या कामासाठी प्रत्येक शाखेतून एक तांत्रिक समन्वयक हवा होता. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद एकदा मी न फाडता बाहेर काढला होता, तेवढ्या पुण्याईवर माझी नेमणूक झाली. भोपाळला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. त्यातून मला कळलं ते एवढंच की जुनी आणि नवी व्यवस्था एकमेकींशी बोलत नसतील तर मध्ये एक योग्य फाइल घालायची, की झालं, त्या बोलायला लागल्या. प्रशिक्षण देणारा एवढं म्हणाला नव्हता बहुतेक. पण मी तेवढं घेऊन आलो.

घरी आम्ही तिघं. मी, बायको आणि मुलगी. माझे पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर आले, तलवारवाले. बायकोचे पूर्वज दरबारात कागद लिहायचे, लेखणीवाले. तिच्या घराण्यात प्रत्येक गोष्ट आधी लिहितात, वाचतात, मग करतात. आमच्यात आधी स्वारी काढायची आणि अर्ध्या वाटेवर, कोणाचा मुलूख आला म्हणून विचारायचं. पूर्वी याला शौर्य म्हणत. आता बायको त्याला काय म्हणते ते पुढे येईलच.

मुलगी बावीस वर्षांची. कंप्युटरवर चालती-बोलती चित्रं करायला शिकलेली. पुण्याच्या एका स्टुडिओनं तिला नोकरीसाठी चाचणी दिली होती: बारा सेकंदांचं एक दृश्य करून सोमवारी सकाळी दहाच्या आत पाठवायचं. घरात तसा करारच झाला होता. निवड झाली तर पुणे. नाही झाली तर निमूटपणे बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा. करार बायकोनं घडवून आणला होता, आणि तो मोडायची सोय त्यात ठेवली नव्हती.

मुलीनं दृश्य निवडलं ते असं: किला गेटच्या चढावर एक बकरी लग्नाच्या बँडचा पितळी भोंगा गळ्यात अडकवून पळते आहे आणि मागून अख्खा बँड धावतो आहे. मला ती बकरी फार आवडायची. तिच्या दाढीचा केस न् केस वेगळा हलायचा. पण कामात एक अडचण होती. पडद्यावर दृश्य इकडून तिकडून फिरवून बघायला गेलं की बकरी अडकत अडकत फिरायची. जणू तिला गुडघेदुखी आहे.

"बाबा, हे इतकं अटकतं नं, की मला समजतच नाही आहे तिचा पाय कुठे टेकतो," मुलगी म्हणायची.

आमच्या ग्वाल्हेरची मराठी अशीच. पुण्याचे पाहुणे आले की हसतात. आम्हीही हसतो, ते काय बोलतात ते न कळल्यामुळे.

तिचं ग्राफिक्स कार्ड नवं होतं. चित्रकलेच्या शिकवण्या करून तिनं ते स्वतः घेतलेलं. मदरबोर्ड जुना होता. नवं कार्ड त्या जुन्या बोर्डात मी स्वतः बसवलं होतं, आणि कोणालाही हात लावू दिला नव्हता. तेव्हा बकरीच्या गुडघ्यांचा इलाज करणं मला माझं कर्तव्य वाटलं. मी इंटरनेटवर शोध घेतला आणि रोग सापडला.

तो असा. कार्डाजवळ स्वतःची मोठी स्मृती असते, गोदामासारखी. जुन्या बोर्डांमध्ये प्रोसेसर त्या गोदामाशी एका लहानशा खिडकीतून देवघेव करतो. आमच्या काउंटरसारखं. लाइन लागते, एकेक जण पुढे येतो. नव्या बोर्डांत अशी सोय असते की खिडकीच्या जागी अख्खं शटरच वर करायचं आणि सगळं गोदाम एकदम समोर. आमच्या बोर्डाला ही सोय नव्हती, आणि बोर्डाच्या कंपनीनं जुन्या गिऱ्हाइकांसमोर हात वर केले होते. पण जगात कुठेतरी बसलेल्या एका भल्या माणसानं एक छोटी फाइल तयार केली होती. आपल्या बोर्डाचं बायोस बाहेर काढायचं, त्यात ती फाइल घालायची, आणि बायोस परत आत लिहायचं. जुना बोर्ड, नवं कार्ड, मध्ये एक फाइल! मला भोपाळची आठवण झाली. हे काम आपलंच.

तयारीत मी कसूर केली नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. सगळ्या सूचना छापून घेतल्या, पानांना नंबर घातले, भोकं पाडून फाइलीत लावल्या आणि वर लाल पेनानं लिहिलं: 'बायोस बदल – कार्यवाही'. बँकेत आमच्याकडे कोणतंही काम एक माणूस करतो आणि दुसरा तपासून मंजूर करतो. एकानं भरायचं, दुसऱ्यानं बघायचं. विलीनीकरणाच्या गोंधळात माणसं कमी पडायची, तेव्हा मी दोन्ही खुर्च्यांवर आलटून पालटून बसायचो. घरीही तसंच केलं. प्रत्येक पायरीपुढे 'केले' म्हणून सही केली, मग चष्मा काढून पुन्हा घातला आणि 'तपासले' म्हणून दुसरी सही केली. दुसऱ्या सहीच्या वेळी मला स्वतःबद्दल कसलीही शंका आली नाही.

विजेचा बंदोबस्तही केला. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली होती, म्हणून कंप्युटरची वायर इन्व्हर्टरच्या लाइनीवर असलेल्या, दाराशेजारच्या सॉकेटात लावली. लाइट गेली तरी इन्व्हर्टर सांभाळणार. शिवाय सबस्टेशनला फोन करून विचारलं, आज काही शटडाउन वगैरे आहे का?

पलीकडचा माणूस म्हणाला, "अभी तक तो नहीं है साहब. आप कहें तो कर दें?"

मी नको म्हणालो.

दिवस निवडला तो महिन्याचा दुसरा शनिवार. बँकेला सुट्टी. बायको आणि मुलगी एका लग्नात मिळालेली साडी बदलून आणायला पाटणकर बाजारात निघाल्या. साडी बदलायची म्हणजे दोन तास नक्की, कारण आधी बदलायची नाही असं ठरतं आणि मग तिच्यासारखीच दुसरी शोधावी लागते. मुलीचं दृश्य जवळजवळ पूर्ण झालं होतं. प्रकाशाचं थोडं काम, आणि मग शेवटची छपाई, म्हणजे एकेक चित्र पक्कं करून काढणं. त्याला रविवारचा अख्खा दिवस लागणार होता.

"बाबा, कंप्युटरला हात नका लावू हं," ती चप्पल घालताना म्हणाली.

"मी कशाला लावू?" मी म्हणालो. हे वाक्य नंतर घरात पुष्कळ वेळा उद्धृत झालं.

त्या गेल्या. मी दार लावलं, गणपतीला नमस्कार केला आणि कामाला लागलो. जुन्या बायोसची प्रत काढून ठेवली. नवी फाइल तिच्यात घातली. लिहायला सुरुवात केली. पडद्यावर एक पट्टी डावीकडून उजवीकडे सरकू लागली, तिच्याखाली आकडे. वीस. पस्तीस. पन्नास. मी मांडीवर हात ठेवून, पूजेला बसल्यासारखा बसलो होतो. मुलगी येईल, बकरी फिरवून बघेल, बकरी लोण्यासारखी फिरेल, मुलगी म्हणेल 'बाबा, हे काय केलंत तुम्ही!' (म्हणाली. तेच म्हणाली. पण ते पुढे.)

चौसष्टवर बेल वाजली.

"सिलिंडर!"

आता ज्यांच्या घरी पाइपाचा गॅस आहे त्यांना या हाकेचा अर्थ कळणार नाही. सिलिंडरवाला एकदा बेल वाजवतो, एकदा ओरडतो आणि तिसऱ्या क्षणाला पुढच्या गल्लीत असतो. मी उठलो. आणि उठून दाराकडे जाताना, दाराशेजारच्या बटणांच्या बोर्डावर माझा हात गेला.

माझा त्यात काही विचार नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. आमच्या वडिलांचा घरात एकच कायदा होता: खोली सोडली की बटण बंद. त्यांनी आम्हा भावंडांना बाराखडीच्या आधी हे शिकवलं. एकदा ते स्वतः बाहेर पडताना, माझी आत्या आत जेवत बसलेली असताना दिवा बंद करून गेले होते, आणि आत्याही काही बोलली नव्हती. तीही त्याच घरातली. त्यात विलीनीकरणानंतर बँकेत खर्च कमी करायचा हुकूम निघाला आणि संध्याकाळी सगळे दिवे-पंखे बंद झाल्याची सही करायचं काम माझ्याकडे आलं. घरचे संस्कार आणि नोकरीची जबाबदारी एका बोटात एकवटली. खट. खट.

सिलिंडर घेतला, रिकामा दिला, वजन बघितलं, आणि परत खोलीत आलो. बटण चालू केलं, पंखाही चालू केला. खुर्चीत बसलो. पडदा काळा होता. मला वाटलं, झोपला असेल. माऊस हलवला. मग मला आठवलं की मी आत्ताच बटण चालू केलं. आणि चालू केलं त्या अर्थी ते बंद होतं.

त्यानंतरची दहा मिनिटं मी काय केलं ते नीट आठवत नाही. कंप्युटर चालू केला: पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळाच. सूचनांच्या फाइलीत 'वीज गेल्यास' असं एक पान होतं. त्यावर लिहिलं होतं, 'वीज जाऊ देऊ नये'. खाली माझ्या दोन सह्या. बोर्डावरची छोटी बॅटरी काढून परत घातली. गणपतीला पुन्हा हात जोडले. कंप्युटरलाही जोडले. शेवटी खोक्याचं झाकण लावून, खुर्ची जागेवर सरकवून, मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र उघडून बसलो. तलवारवाल्यांचा हा दुसरा डाव. माघार घ्यायची, पण मोक्याच्या जागी.

दोघी परत आल्या. मुलगी आत गेली.

"बाबा, हे चालू का नाही होत आहे?"

"असं? काय झालं असेल बुवा," मी वर्तमानपत्रातून म्हणालो.

"मी जाताना तर ठीक होतं."

"लाइट वर-खाली झाली असेल."

"अहो," बायको आतून म्हणाली, आणि त्या 'अहो'वरून मला कळलं की संपलं. तिच्या हातात ती फाइल होती. मी ती टेबलावरच विसरलो होतो. तिनं चष्मा लावून वाचायला सुरुवात केली, मोठ्यानं, त्यांच्या घराण्यात वाचतात तसं. "'बायोस बदल – कार्यवाही'. पायरी एक, केले, सही. तपासले, सही. पायरी दोन..." ती पानं उलटत गेली. "पायरी नऊ. 'लेखन पूर्ण होईपर्यंत यंत्रास हात लावू नये'. केले, सही. तपासले, सही. अहो, हे व्हायच्या आधीच सही केलीत?"

"वेळ वाचवायला," मी म्हणालो.

मुलगी दारात उभी होती. "पापा, ये क्या किया आपने?"

आमच्याकडे राग चढत गेला की मराठी सुटत जाते. 'बाबा, तुम्ही'चं 'पापा, आप' झालं म्हणजे पाणी डोक्यावरून गेलं. मी सगळं सांगितलं. खिडकी, शटर, गोदाम. सिलिंडरसुद्धा. ती तिथेच जमिनीवर बसली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. शनिवार, दुपारचा एक. मला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

कार्ड जिथून घेतलं त्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, बोर्ड दिल्लीला पाठवावा लागेल, आठ-दहा दिवस धरा. दुसऱ्यानं नवा बोर्ड घ्या म्हणून सांगितलं, पण या प्रोसेसरला बसेल असा त्याच्याकडे नव्हता. शेवटी बायकोच म्हणाली, "मुरारला ते हवालदार आहेत नं, मी शिकवते त्या शाळेची घंटा दुरुस्त केली होती ज्यांनी? फौजेत वायरलेसवर होते. तिथे जा."

आम्ही स्कूटरवरून मुरारला, शहराच्या छावणी भागात, निघालो. मी पुढे, मुलगी मागे, तिच्या मांडीवर अख्खं खोकं. प्रत्येक खड्ड्यात ती खोक्याला सावरायची, मला धरायची नाही. मग एका सिग्नलला ती म्हणाली,

"बाबा, खरं सांगा. तुम्हाला मी जायला नको आहे नं?"

"कुठे?"

"पुण्याला. म्हणून केलं का हे?"

सिग्नल हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. मी म्हणालो, "अगं, काहीतरीच काय!" पण ते हॉर्नमध्ये तिला ऐकू गेलं की नाही, कुणास ठाऊक. परत सांगायचा धीर मला झाला नाही. मूर्खपणाचा आरोप मला मान्य होता. त्याची मला सवय आहे. पण कपटाचा आरोप आयुष्यात पहिल्यांदाच कोणी केला होता, आणि तो फेटाळताना मला जरा अडखळायला झालं. कारण ती गेल्यावर घर कसं दिसेल याचा विचार माझ्या मनात येऊन गेला होता. आणि बँकेच्या परीक्षेची माहितीपुस्तिका मी न सांगताच आणून कपाटात ठेवली होती. बटणावर बोट गेलं तेव्हा त्या बोटाच्या मनात काय होतं, हे बोटाचा मालक म्हणून मलाही ठामपणे सांगता येईना.

हवालदारसाहेबांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला सगळी हत्यारं ओळीनं टांगलेली, कवायतीला उभी असल्यासारखी. त्यांनी खोकं उघडलं, आत टॉर्च मारला आणि विचारलं, "किसने किया?"

"मैंने," मी म्हणालो.

"बैंक में हैं?"

"आपको कैसे पता?"

"फ़ाइल साथ लाए हैं. पन्नों पर नंबर हैं."

त्यांनी एक छोटा चिमटा काढला, तो त्या आठ पायांच्या चिपवर लावला आणि त्याची वायर आपल्या लॅपटॉपला जोडली. म्हणाले, असं बाहेरून लिहिता येतं. फक्त जुन्या बायोसची प्रत द्या.

"आहे!" मी म्हणालो. त्या दिवसातला माझा हा पहिला अभिमानाचा क्षण. "मी काढून ठेवली आहे."

"कहाँ है?"

मी खोक्याकडे बोट दाखवलं.

हवालदारसाहेबांनी टॉर्च बंद केला. "मतलब जो मशीन मर सकती थी, उसकी दवाई उसी के पेट में रख दी?"

"बाबा," मुलगी एवढंच म्हणाली.

पण माणूस धीराचा. त्यांनी आतली डिस्क काढून आपल्या लॅपटॉपला लावली. तिच्यावर मुलीची बकरी सुखरूप होती. ते बघून मुलीनं पहिल्यांदा श्वास सोडला. प्रतही सापडली. प्रती सापडल्या, असं म्हणायला हवं. तीन होत्या. एकीचं नाव 'ओरिजिनल', दुसरीचं 'ओरिजिनल खरी' आणि तिसरीचं 'ओरिजिनल खरी फायनल'.

"इनमें से असली कौन-सी?"

मी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. "बहुतेक... दुसरी. किंवा पहिली."

त्यांनी माझ्याकडे पाहणं सोडून दिलं. तिन्ही फाइली एकमेकींशेजारी ठेवून ताडून पाहिल्या. पहिली आणि दुसरी तंतोतंत सारख्या निघाल्या. तिसरीत मध्येच काहीतरी घुसवलेलं. त्यांनी पहिली लिहिली. लिहून झाल्यावर ती चिपमधून परत वाचून मूळ प्रतीशी ताडून बघितली. तपासणारा दुसरा माणूस असला की कसं होतं ते मी बघत होतो. मग त्यांनी डिस्क परत आत बसवली, खोकं आपल्या पडद्याला जोडलं, बटण दाबलं, आणि कंप्युटर उठला. जणू दुपारची झोप झाली.

"आता चिमटा लावलेलाच आहे," मी हळूच म्हणालो, "तर ती तिसरी फाइलही जरा..."

दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मी विषय सोडला.

"पर ये करना क्यों था?" हवालदारसाहेबांनी मुलीला विचारलं. तिनं बकरीचं गुडघ्याचं दुखणं सांगितलं. "दिखाओ," ते म्हणाले.

तिनं दृश्य उघडलं आणि बकरी फिरवली. बकरी फिरली. सुळकन, तेल दिल्यासारखी. भोंग्यासकट एक पूर्ण गिरकी घेऊन ती आमच्याकडे तोंड करून उभी राहिली. दाढी हलत होती. मुलीनं पुन्हा फिरवली, उलटी फिरवली, वरून बघितली. कुठे अडकणं नाही.

"घर पर स्क्रीन की तार कहाँ लगती है?" हवालदारसाहेबांनी विचारलं.

"इथे," मुलीनं खोक्याच्या मागे, वरच्या बाजूला बोट ठेवलं.

"ये तो बोर्ड की है. कार्ड की तो ये नीचे है. स्क्रीन बोर्ड से लगाओगे तो दिखाने का काम बोर्ड करेगा, कार्ड बैठा रहेगा. आपने लगाई थी, साहब?"

मीच लावली होती. त्या जागी ती चालेना, तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन ती चालेल अशी व्यवस्थाही मीच केली होती. खिडकी नाही, शटर नाही. गेले तीन महिने माझी मुलगी नवं कार्ड बाजूला बसवून जुन्या बोर्डाच्या डोळ्यांनी बकरी बघत होती, आणि मी तिच्या रोगावर परदेशातून औषध आणत होतो.



घरी आल्यावर तिनं पडद्याची तार स्वतः कार्डाला लावली. खोलीच्या दारावर एक कागद चिकटवला: 'आत कोणी येऊ नये'. त्याखाली आणखी बारीक अक्षरात: 'कोणी म्हणजे बाबा'. वायर दाराशेजारच्या बोर्डावरून काढून पलंगामागच्या सॉकेटात नेली, जिथे पोहोचायला माणसाला आडवं व्हावं लागतं. त्या रविवारी मी घरात पाहुण्यासारखा वावरलो. बंद दारापलीकडून पंख्याची घरघर यायची. मी तिच्यासाठी सकाळी बेडई-जिलेबी (बेडई म्हणजे डाळ भरलेली पुरी) आणली, दाराबाहेर ठेवली, दारावर टकटक केली आणि लांब जाऊन उभा राहिलो. दार उघडलं, बशी आत गेली, दार बंद झालं. दुपारपर्यंत बशी रिकामी होऊन बाहेर आली. मी ते चांगलं लक्षण मानलं.

सोमवारी मी बँकेत असताना बायकोचा फोन आला, पाठवलं म्हणून. दहाला वीस मिनिटं कमी असताना. निदान एका घड्याळाप्रमाणे. दुसऱ्याप्रमाणे दहा वाजून गेले होते, आणि मी दिवसभर त्या दुसऱ्याकडे बघायचं टाळलं.

पुढचे बारा दिवस घरात कोणी बकरी हा शब्द काढला नाही. बायकोनं कपाट आवरताना माहितीपुस्तिका बाहेर काढली आणि टेबलावर ठेवली. मुलीनं ती पाहिली. माझ्याकडेही पाहिलं. तो सिग्नलवरचा प्रश्न तसाच होता. तो तिनं पुन्हा विचारला नाही, आणि उत्तर द्यायला मला संधी मिळाली नाही. मी एकदा म्हणालो, "ती पुस्तिका अशीच आणली होती, बँकेत फुकट वाटत होते." कोणी विचारलं नव्हतं.

तेराव्या दिवशी दुपारी पुण्याहून फोन आला. मुलगी बोलताना उभी होती, मग बसली, मग परत उभी राहिली. बकरी त्यांना फार आवडली होती. पहिल्या तारखेला रुजू व्हायचं होतं. फोन ठेवून ती आईच्या गळ्यात पडली, मग माझ्याही. माझ्या गळ्यात जरा कमी वेळ पडली, पण पडली.

जायच्या आदल्या दिवशी बायको स्वयंपाकघरात बेसनाचे लाडू वळत होती. मुलगी ओट्याला टेकून उभी, डब्यात लाडू रचत होती. मी दारात, कोणाला काही लागलं तर म्हणून. मुलीनं एक लाडू हातात धरला, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्यासमोरच आईला विचारलं,

"आई, बाबांनी ते मुद्दाम तर नसेल नं केलं? मी जाऊ नये म्हणून?"

मी तोंड उघडलं. खरं काय ते एकदाचं सांगून टाकावं म्हटलं. की घर रिकामं होणार याचं मला वाईट वाटत होतं, आजही वाटतं, पण बेटा, तुझी बकरी...

बायकोनं मला बोलूच दिलं नाही. तिनं वर पाहिलंही नाही. लाडू वळता वळता म्हणाली,

"मुद्दाम? अगं, ह्यांनी मुद्दाम बिघडवायला घेतलं असतं नं, तर ते मशीन दुप्पट चाललं असतं. ठरवून केलेलं एक काम ह्यांच्या हातून धड झालंय का आजवर?"